दुखण्यातून उठलेल्या माणसाचे श्रम

महामारींचे इतिहास बहुधा मृत्यूंच्या आकड्यांनी सुरू होतात आणि ते आकडे उतरू लागले म्हणजे संपतात. साथ कोणत्या बंदरात उतरली, किती माणसे दगावली, सरकारने कोणते निर्बंध घातले, ह्या प्रश्नांचा शोध इतिहासकार मोठ्या आस्थेने घेतात. परंतु ज्यास रोग झाला आणि जो वाचला, त्याचे पुढे काय झाले? तो कामावर केव्हा परतला, जिना चढताना लागणारी धाप केव्हा थांबली, की थांबलीच नाही, ह्याची नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. कोविडच्या साथीने हा विसरलेला माणूस पुन्हा आपल्यापुढे आणून उभा केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी ह्या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु ताप जाऊन महिने, क्वचित वर्षे लोटली तरी ज्यांची शक्ती परत आली नव्हती, त्यांच्या घरी ती आणीबाणी चालूच राहिली. संघटनेच्याच अंदाजाप्रमाणे कोविड झालेल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे सहांस असा दीर्घ त्रास होतो.

अशा माणसास काय करावयास सांगावे? पडून राहा म्हणावे, की हळूहळू हिंडूफिरू लाग म्हणावे? प्रश्न अगदी घरगुती दिसतो, आणि घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसापाशी त्याचे उत्तर तयार असते. परंतु वैद्यांस हा प्रश्न दीडशे वर्षे सुटलेला नाही, व फिजिओथेरपी अथवा भौतिकोपचार म्हणून जी विद्या आज सर्वांच्या परिचयाची झाली आहे, तिचा पुष्कळसा इतिहास ह्याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे. ह्या काळात जी उत्तरे दिली गेली ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. ती तशी का, ह्याचा विचार करता आम्हांस असे दिसून आले की, विश्रांतीचे किंवा श्रमाचे माप पुष्कळदा रोग्याच्या शरीरावरून घेतलेच गेले नाही. रोगी स्त्री आहे की पुरुष, श्रीमंत आहे की मजूर, खरा दुखणेकरी आहे की सोंगाड्या, ह्याविषयी उपचार करणाराची जी समजूत असे तिच्यावरून ते घेतले गेले. हा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे मांडावा व त्यातून आजच्या रोग्यांविषयी काही बोध निघतो काय ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडील जुन्या वैद्यकाने ह्या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. ज्वर गेलेल्या माणसाने अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, स्त्रीसंग, स्नान आणि हिंडणे-फिरणे वर्ज्य करावे, न केल्यास ज्वर उलटतो, असे चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत सांगितले आहे. सुश्रुत तर निरोगी माणसासही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावयास सांगतो, आणि ही अर्धी शक्ती ओळखावी कशी ह्याची खूणही देतो : श्वास तोंडाशी येऊ लागला की थांबावे. ह्यावरून आमच्या पूर्वजांस सारे काही ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. तो आवरलेला बरा. जंतू, स्नायूंची घडण, रक्तातील प्राणवायू ह्यांविषयी त्यांस आजच्यासारखे ज्ञान नव्हते. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्ज्यावर्ज्याची मुदत त्यांनी दिवसांनी बांधून दिली नाही, ती बळाने बांधून दिली; आणि ते बळ ज्याच्या त्याच्या अंगावरून पाहावयाचे होते.

आता आधुनिक काळाकडे वळू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत जे यादवी युद्ध झाले, त्या वेळी फिलाडेल्फिया शहरी टर्नर्स लेन नावाचे लष्करी इस्पितळ होते. तेथे पुढे प्रसिद्धीस आलेले दोन डॉक्टर काम करीत होते. त्यांपैकी जेकब मेंडिस डा कोस्टा ह्याच्याकडे असे शिपाई येत की, ज्यांच्या अंगावर जखम नाही, छातीला नळी लावून पाहिले तर हृदय धड दिसते, परंतु थोडे चालताच ज्यांस धाप लागे, छाती धडधडे, दुखे व डोके गरगरे. ह्यांपैकी पुष्कळांस आधी ज्वर किंवा अतिसार होऊन गेला होता. त्यातून बरे वाटू लागताच ते पलटणीत परतले, आणि मग बरोबरीच्या शिपायांइतकी मजल त्यांच्याने मारवेना. डा कोस्टाने अशा तीनशेंवर रोग्यांचा वृत्तान्त अभ्यासून १८७१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. दीर्घ विश्रांतीवर त्याचा मोठा भर होता. आजच्या कोविडग्रस्ताने तो निबंध वाचला, तर पानोपानी त्यास आपलेच वर्णन भेटेल.

दुसरा डॉक्टर सायलस वेअर मिचेल. युद्धानंतर त्याने विश्रांतीचा एक स्वतंत्र पंथच काढला. १८७७ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात हा उपचार वर्णिलेला आहे. थकलेल्या, कृश झालेल्या व बहुतकरून सुखवस्तू घराण्यातील स्त्रियांस तो सहा आठवडे ते दोन महिने बिछान्यावर ठेवी. प्रारंभी उठून बसणे, शिवणे, लिहिणे, वाचणे ह्यांपैकी कशाचीच परवानगी नसे. भरपूर दूध व सकस अन्न द्यावयाचे, आणि स्नायू झडू नयेत म्हणून अंग रगडावयाचे व विजेचे झटके द्यावयाचे. शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका १८८७ साली ह्या उपचारातून गेली आणि तो आपणास वेडाच्या कडेवर नेऊन सोडणारा होता असे तिने पुढे जगास सांगितले. १८९२ सालची तिची एक कथा ह्याच अनुभवातून निघाली. मौज अशी की, हाच मिचेल मनाने व शरीराने थकलेल्या पुरुषांस घोड्यावर बसून रानावनात हिंडावयास पाठवी. ओवेन विस्टर हा कादंबरीकार १८८५ साली त्याच्याच सल्ल्याने वायोमिंगच्या कुरणांत गेला. तक्रारी मिळत्याजुळत्या असता बाईस बिछाना व बोवास घोडा, असा हा न्याय होता. त्यात शरीरशास्त्राचा भाग किती व लोकरूढीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

भौतिकोपचाराचा धंदा ह्याच सुमारास आकारास येत होता. त्याचे एक मूळ स्वीडनमध्ये आहे. पेर हेन्रिक लिंग ह्याने १८१३ साली स्टॉकहोम येथे राजाश्रयाने व्यायामविद्येची संस्था काढली, आणि रोगनिवारणार्थ करावयाच्या हालचालींची पद्धत तेथून युरोपभर पसरली. दुसरे मूळ अंग रगडण्याच्या कलेत आहे. लंडनमध्ये ह्या कलेच्या नावाखाली अनाचार चालत असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन शिकलेल्या मर्दनकारिणींची संस्था स्थापिली. परीक्षा, नियम व शिस्त ह्यांच्या बळावर त्यांनी आपल्या कामास प्रतिष्ठा मिळविली, व १९२० साली संस्थेस राजाची सनद मिळाली. मधल्या पहिल्या महायुद्धाने लक्षावधी पंगू तरुण इस्पितळांत आणून टाकले होते. त्यांना पुन्हा चालते करण्याच्या कामी ह्या स्त्रियांची गरज सर्वांस पटली.

परंतु दुखणेकऱ्यास श्रम किती द्यावे, ह्याचे मोजमाप करण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला तो क्षयाच्या बाबतीत. त्या काळी क्षयरोग्यास मोकळी हवा, पौष्टिक आहार व विश्रांती ह्यांवाचून दुसरे औषध नव्हते. आपल्याकडे पाचगणी, मिरज येथे जी आरोग्यधामे झाली ती ह्याच विचाराची. इंग्लंडात फ्रिम्ली येथे १९०५ साली लंडनच्या ब्रॉम्प्टन इस्पितळाने असे एक आरोग्यधाम उघडले, व त्याचा प्रमुख म्हणून मार्कस पॅटर्सन ह्या डॉक्टरची नेमणूक झाली. येथील रोगी बहुधा कष्टकरी वर्गातील असत. पॅटर्सनने त्यांस नुसते पडू दिले नाही. आधी थोडे चालणे, ते वाढवीत वाढवीत दिवसाला दहा मैलांपर्यंत. मग मातीच्या टोपल्या वाहणे. मग लहान फावडे, पुढे मोठे फावडे, आणि शेवटी कुदळ. एक पायरी निर्विघ्नपणे पचली म्हणजे दुसरी.

ह्या पद्धतीमागे पॅटर्सनचा जो सिद्धांत होता, की श्रमाने रोगाचे विष थोडे थोडे रक्तात उतरते व लसीप्रमाणे काम करते, तो पुढे टिकला नाही. गरिबास आरोग्यधामात आळसाची सवय लागू नये, ही देणगीदारांची काळजीही त्या टोपल्या-फावड्यांमागे होतीच. तरीसुद्धा ह्या माणसाची एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. प्रत्येक रोग्याचा ताप नियमाने मोजला जाई, आणि पारा थोडासा जरी वर गेला तरी टोपली खाली ठेववून रोग्यास बिछान्यावर अगदी निश्चल निजविले जाई. ताप पूर्ण उतरेपर्यंत त्याची सुटका नसे. श्रम सोसले की नाही हा निकाल डॉक्टरच्या मतावर किंवा रोग्याच्या उत्साहावर सोडलेला नव्हता. तो तापमापकाकडे होता. पायरी चढविण्याची व्यवस्था जितकी काटेकोर, तितकीच ती उतरविण्याचीही. पुढच्या काळात ह्या पद्धतीचा पहिला अर्धा भाग पुष्कळांनी उचलला. दुसऱ्या अर्ध्याची आठवण फार थोड्यांस राहिली.

पहिल्या महायुद्धात डा कोस्टाचेच रोगी पुन्हा हजारोंनी दिसू लागले. ब्रिटिश सैन्यात ह्या दुखण्यास शिपायाचे हृदय असे म्हणत. हृदयरोग समजून अशा माणसांस महिनेच्या महिने अंथरुणावर ठेवीत. टॉमस लुईस ह्या नामांकित संशोधकाने हॅम्पस्टेड व पुढे कोल्चेस्टर येथील लष्करी इस्पितळांत त्यांचा अभ्यास केला, आणि १९१८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. बहुसंख्यांचे हृदय विकृत नाही, श्रम केले असता लक्षणे उठतात एवढेच ह्या रोगाचे रूप आहे, असे पाहून त्याने त्यास श्रमावरूनच नाव दिले. क्रमाक्रमाने वाढत जाणारी कवायत देऊन कोण किती सोसतो ते त्याने पाहिले व त्याप्रमाणे माणसांची वर्गवारी केली. पुष्कळ शिपाई ह्या रीतीने कोणत्या ना कोणत्या कामावर परतले. परंतु सरकारास खंदकात माणसे हवी होती व निवृत्तिवेतनाचा बोजा नको होता, हेही विसरून चालणार नाही. पाच वर्षांनी लुईसच्या एका सहकाऱ्याने ह्या शिपायांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा पूर्ण बरे झालेले थोडे आणि आहे त्याच अवस्थेत राहिलेले निम्म्याहून अधिक आढळले.

ह्याच काळात इन्फ्लुएन्झाची महाभयंकर साथ आली. १९१८ च्या जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, आणि पावसाळा सरताच तिने जे उग्र रूप धारण केले त्यात ६ ऑक्टोबर ह्या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. ही नोंद झाली, कारण मढ्यांची नोंद ठेवणारे दप्तर होते. जे वाचले व पुढे कित्येक महिने गिरणीत किंवा शेतात उभे राहू शकले नाहीत, त्यांच्यासाठी दप्तर नव्हते. त्याच्या आधीच्या, १८८९ साली सुरू झालेल्या साथीनंतर विलायतेतील डॉक्टरांनी अशा दीर्घ अशक्ततेविषयी बरेच लिहिले आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या जोसेफीन बटलर ह्या बाईंच्या पत्रांतही थोडे वाचताच येणाऱ्या ग्लानीची तक्रार आहे. ज्यांस लिहिता येत होते त्यांची तक्रार शिल्लक राहिली. गिरणीतल्या माणसाची राहिली नाही.

असो. दुसऱ्या महायुद्धानंतर विश्रांतीचे दिवस फिरले. रिचर्ड आशर ह्या लंडनच्या डॉक्टराने १९४७ साली अंथरुणात पडून राहण्याचे धोके एका चटकदार लेखात सांगितले. बोस्टनमध्ये हृदयविकाराच्या रोग्यास सहा आठवडे पाठीवर ठेवण्याऐवजी खुर्चीत बसविणे अधिक हिताचे, असे १९५२ साली दाखविण्यात आले. १९६६ साली डॅलस येथे पाच निरोगी तरुण तीन आठवडे अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांची श्रम करण्याची कमाल शक्ती चौथ्या हिश्श्याहूनही अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले असता असे दिसले की, तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढे नुकसान केले नव्हते तेवढे त्या तीन आठवड्यांनी केले होते. हा पुरावा भक्कम आहे व तो नाकारण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. अतिदक्षता विभागात पडलेल्या रोग्यास लवकर बसते-उभे करणारा भौतिकोपचारक आज जे प्राण व जी गात्रे वाचवितो, ती ह्याच ज्ञानाच्या बळावर.

भौतिकोपचारास सर्वत्र स्थान मिळवून दिले ते पोलिओने. एलिझाबेथ केनी ही ऑस्ट्रेलियन परिचारिका. मुलांचे लुळे हातपाय फळ्यांनी जखडून ठेवण्याची रूढी मोडून तिने ऊन लोकरीने शेक व हालचाल ह्यांचा पुरस्कार केला. मोठमोठ्या डॉक्टरांनी तिची हेटाळणी केली, पण १९४२ साली मिनियापोलिस येथे तिच्या नावाची संस्था उभी राहिली. आपल्या देशातील भौतिकोपचाराची पहिली शाळाही पोलिओमुळेच निघाली. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात १९५२ साली भारत सरकार, मुंबई महानगरपालिका व जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या सहकार्याने ती स्थापन झाली. आज गावोगाव जे भौतिकोपचारक दिसतात, त्यांच्या परंपरेचा उगम परळच्या त्या इमारतीत आहे.

परंतु पोलिओने शिकविलेला दुसरा धडा तीस-चाळीस वर्षांनी उमगला. ज्या मुलांनी जिद्दीने, घाम गाळून पाय पुन्हा मिळविले होते, त्यांना प्रौढपणी नवाच अशक्तपणा येऊ लागला. ह्याचे कारण असे सांगतात की, पोलिओत मज्जारज्जूतील काही पेशी मरतात व वाचलेल्या पेशी मेलेल्यांच्या वाट्याचे स्नायुतंतूही सांभाळू लागतात. हे दुप्पट-तिप्पट ओझे वाहता वाहता पुढे त्याही थकतात. १९८४ साली अमेरिकेत वॉर्म स्प्रिंग्ज येथे, जेथे स्वतः पोलिओग्रस्त असलेला अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट उपचारांसाठी जात असे, तेथे ह्या विषयावर परिषद भरली. जन्मभर जोर लावावयास शिकलेल्या ह्या माणसांस आता जोर आवरावयास, थकण्यापूर्वीच थांबावयास शिकविणे भाग पडले.

ह्या कथेतील सर्वांत कटू प्रकरण लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात सुरू होते. १९५५ च्या जुलैपासून तेथील नोकरवर्गापैकी २९२ माणसे एका विचित्र दुखण्याने आजारी पडली. त्यांत परिचारिका पुष्कळ होत्या. कित्येकांचा थकवा व स्नायूंची दुर्बलता दीर्घकाळ टिकली. १९७० साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी रोग्यांस न तपासता, केवळ कागदपत्रांवरून, हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचे मत दिले. रोग्यांत स्त्रियांचा भरणा अधिक, हाही त्यांच्या पुराव्याचा एक भाग होता. ह्या जातीच्या दुखण्यास पुढे दीर्घथकव्याचा विकार हे नाव पडले, आणि त्यावर असा सिद्धांत बसविण्यात आला की, रोगी श्रमास भितो, म्हणून पडून राहतो, पडून राहिल्याने दुर्बळ होतो; सबब त्याची भीती घालवून व्यायाम ठरावीक प्रमाणात वाढवीत न्यावा. २०११ साली लॅन्सेट पत्रात प्रसिद्ध झालेल्या ६४१ रोग्यांच्या एका मोठ्या ब्रिटिश प्रयोगाने ह्या उपचारास दुजोरा दिल्याचे जाहीर झाले. व्यायामाने आमचे दुखणे वाढते, असे रोगी ओरडून सांगत होते. बरे झाल्याची व्याख्या प्रयोग चालू असता सैल करण्यात आली, असा आक्षेप निघाला. मूळ आकडे खुले करण्याचा आदेश न्यायाधिकरणास २०१६ साली द्यावा लागला. आणि मूळ व्याख्येने मोजता बरे झालेल्यांची संख्या फारच खाली आली. अखेर २०२१ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या नाइस ह्या अधिकृत संस्थेने ठरावीक वाढीचा व्यायाम ह्या रोग्यांस देऊ नये, असा निर्णय दिला.

येथे सहज प्रश्न पडतो की, इतके बुद्धिमान लोक इतकी वर्षे फसले कसे? त्याचे एक उत्तर ह्या विकाराच्या चालीतच आहे. श्रमाची शिक्षा येथे लगेच मिळत नाही. रोगी दवाखान्यात येतो, सांगितलेला व्यायाम हसतमुखाने करतो, वहीत प्रगतीची खूण होते, व तो घरी जातो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तो अंथरुणावरून उठू शकत नाही. अंग मोडून येते, डोके चालेनासे होते, झोप येत नाही. हे पाहावयास तेथे कोणी नसते. पुढच्या वेळी तो आला नाही, तर त्याने उपचार अर्धवट सोडला अशी नोंद होते. पॅटर्सनच्या तापमापकास जे चटकन दिसे ते येथे दिसत नाही; ते कळण्यास रोग्याचे बोलणे हेच साधन आहे, आणि नेमके तेच अविश्वसनीय ठरविले गेले होते.

कोविडच्या वेळी ह्या इतिहासाची पुनरावृत्ती होण्यास काहीच हरकत नव्हती. ती काही अंशी टळली, ह्याचे श्रेय आम्ही रोग्यांस देतो. दीर्घ कोविड हे नावच मुळी रोग्याने दिलेले आहे. एलिसा पेरेगो ह्या इटालियन पुरातत्त्वज्ञ विदुषीने २०२० च्या मे महिन्यात स्वतःच्या आजाराविषयी लिहिताना ते प्रथम वापरले, आणि त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ह्या विकाराची अधिकृत व्याख्या केली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ह्या साथीत इस्पितळात राबणारे भौतिकोपचारक स्वतःच मोठ्या संख्येने आजारी पडले, व त्यांतील कित्येक उठू शकले नाहीत. जो सल्ला त्यांनी इतरांस दिला होता तो आता स्वतःवर चालवून त्यांस पाहता आला. अशा रोगी-उपचारकांनी २०२० साली आपली एक आंतरराष्ट्रीय मंडळी स्थापिली, आणि त्यांच्या अनुभवाचा ठसा भौतिकोपचारकांच्या जागतिक संघटनेने जून २०२१ मध्ये काढलेल्या सूचनापत्रावर स्पष्ट दिसतो. श्रमानंतर लक्षणे बळावतात काय हे आधी तपासा, श्रमाने प्राणवायू उतरत नाही व हृदय दुखावलेले नाही ह्याची खात्री करून घ्या, मग व्यायामाचे बोला, असे त्यात सांगितले आहे. उपचार करणारा व उपचार घेणारा ह्यांतील अंतर ह्या विद्येच्या इतिहासात इतके कमी क्वचितच झाले असेल.

पुढे प्रयोगांनीही दोन्ही बाजूंस काही ना काही दिले. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी दीर्घ कोविडचे २५ रोगी व २१ निरोगी माणसे ह्यांस सायकलीच्या यंत्रावर कसून श्रम करावयास लावले, आणि श्रमापूर्वी व श्रमानंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे काढून तपासले. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, रोग्यांच्या स्नायूंत श्रमानंतर इजा अधिक दिसली व पेशींची ऊर्जा निर्माण करण्याची शक्ती खालावली, असे नमूद आहे. संख्या लहान आहे. पण रोग्याच्या तक्रारीस स्नायूची साक्ष मिळाली हे थोडे नव्हे. उलटपक्षी, इस्पितळातून सुटून तीन महिने वा अधिक लोटलेल्या ५८५ रोग्यांवर ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवडे देखरेखीखाली व्यायाम व मानसिक आधार दिलेल्यांचे जीवनमान थोडेसे, परंतु वर्षभर टिकेल असे सुधारले. ह्या दोन निष्कर्षांत वस्तुतः विरोध नाही. दीर्घ कोविड ह्या एका नावाखाली भिन्न प्रकृतीची माणसे गोळा झाली आहेत. कृत्रिम श्वासयंत्रावर पडून ज्याचे स्नायू झडले त्यास व्यायाम हे औषध आहे. घरच्या घरी सौम्य ताप येऊन गेल्यावर ज्यास बाजारातून आल्याच्या तिसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते, त्यास तोच व्यायाम अपाय करू शकतो.

म्हणून जाणता भौतिकोपचारक आज आधी विचारतो, मग मोजतो आणि मग सांगतो. उभे राहताच ज्याची नाडी वेगाने धावू लागते त्यास तो आडव्या किंवा बसत्या स्थितीतील हालचालींपासून आरंभ करून देतो. ज्याच्या श्वासाची लयच बिघडली आहे त्यास नाकाने, संथ, पोटापर्यंत जाणारा श्वास पुन्हा शिकवितो. ज्याची शक्ती मोजकी आहे त्याच्याकडून रोजची वही ठेववितो, आणि त्या वहीवरून स्नान बसून करणे, भाजी बसून चिरणे, एका कामाचे तीन तुकडे करून मध्ये पडणे, असे बेत आखून देतो. ती वही म्हणजे फ्रिम्लीच्या तापमापकाचीच जागा घेणारी वस्तू आहे.

आपल्याकडे २०२० व २०२१ साली घराघरांत तीन रंगीत चेंडूंचे श्वासाचे यंत्र आले, बोटास लावावयाचे प्राणवायुमापक आले, सहा मिनिटे चालून आकडा पाहण्याची परीक्षा शाळकरी मुलांसही पाठ झाली. यंत्रे आपण झटकन स्वीकारली. परंतु यंत्रात न दिसणाऱ्या दुखण्यास आपल्या कुटुंबांत अद्याप मान नाही. सून दुपारी आडवी झाली तर तिच्याविषयी काय बोलले जाते, हे सांगावयास नको. लग्नघरी ती दोन तास हसून बोलली, तेवढे सर्व नातलगांनी पाहिलेले असते; नंतरचे तीन दिवस पाहिलेला एखादा नवराच असतो, आणि तोही कधी कधी पाहत नाही. जरा हिंड-फीर, मन रमव, म्हणजे बरे वाटेल, हा सल्ला प्रेमानेच दिला जातो; गिलमनबाईस बिछान्यावर निजविणारा मिचेलही निर्दय नव्हता. शिक्षक, कारकून, परिचारिका असलेल्यांची गत तशीच. रजा संपलेली असते व तपासणीचे सर्व कागद निर्दोष निघालेले असतात, त्यामुळे वरिष्ठांपुढे सोंगाचा आळ टाळणे त्यांस कठीण जाते.

ह्या विकारावर रामबाण औषध आज नाही, आणि ज्यांस ते सापडल्याचे सांगतात त्यांच्यापासून वाचकांनी दूर राहावे हे बरे. परंतु औषध नसतानाही दोन गोष्टी घरच्या माणसांच्या हाती आहेत. पहिली ही की, दुखणेकऱ्याने काल केलेल्या श्रमाचा हिशेब आज न मागता परवा विचारावा. दुसरी ही की, तो जे सांगेल ते खरे धरून चालावे. आणि श्रमानंतर दुखणे बळावते म्हणाला, तर उपचारकाने व्यायाम सांगण्यापूर्वी ही गोष्ट विचारली की नाही, एवढे त्याच्याबरोबर जाऊन पाहावे. डा कोस्टाच्या निबंधापासून आजवर दीडशे वर्षे रोगी हीच एक गोष्ट सांगत आले आहेत. ती ऐकण्यास आता शास्त्राची आडकाठी उरलेली नाही.